घायपाताला पाणी घालू नये

काहीही न करणं हे काम आमच्या घराण्यात आजवर कुणाला जमलेलं नाही. आजोबा उत्तम चालणारा रेडिओ दर रविवारी उघडून बसत आणि सोमवारी तो दुरुस्तीला जाई. आजी शिजत्या भातावरचं झाकण घडीघडी काढून बघायची आणि भात शिजत नाही म्हणून तांदळाला नावं ठेवायची. वडील निवृत्त झाले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, ‘आता फक्त आराम करा.’ वडिलांनी आरामाचं वेळापत्रक आखलं, त्याची एक प्रत स्वयंपाकघरात आणि एक बाहेरच्या खोलीत चिकटवली, आणि आरामाला दोन मिनिटं उशीर झाला की घर डोक्यावर घ्यायला सुरुवात केली. त्यांचा रक्तदाब निवृत्तीनंतरच वाढला.

अशा घरात घायपात आला.

घायपात आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. रेल्वेच्या रुळांकडेला, माळावर, शेताच्या बांधावर, जाड लांब पानांचा आणि पानाच्या टोकाला दाभणाएवढा काटा असलेला. तिथे त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. तोच कुंडीत लावला, कुंडीत वर पांढरे गोटे पसरले आणि त्याला ‘अगेव्ह’ म्हटलं, की तो शोभेचा होतो आणि त्याच्या किमतीवर एक शून्य चढतं. मूळचा मेक्सिकोकडचा असल्यामुळे त्याला अगेव्ह म्हणण्यात काही खोटंही नाही. नर्सरीवाल्यानं त्याची थोरवी सांगितली ती एकाच वाक्यात.

‘याला काही करावं लागत नाही, सर.’

‘पाणी?’

‘पंधरा दिवसांनी थोडं. पावसाळ्यात अजिबात नाही.’

‘खत?’

‘नको.’

‘छाटणी?’

‘एखादं पान वाळलं तर काढा.’

‘मग मी करायचं काय?’

‘बघायचं.’

तिथे घायपाताच्या नाना तऱ्हा होत्या. पिवळ्या काठाचा होता, निळसर राखाडी होता. व्हिक्टोरिया राणीच्या नावाचा एक ठेंगणा, गच्च पानांचा होता. त्याच्या पानांवर पांढऱ्या रेघा असतात आणि तो फार सावकाश वाढतो. राणीला या देशातून घालवण्यासाठी आमच्या आजोबांनी सायकलवरून पत्रकं वाटली होती. तिला परत दारात आणायला दीड हजार रुपये मोजणं मला प्रशस्त वाटेना. बायकोची नजर भलत्याच कुंडीवर होती. ‘अहो, हा बघा ना, याला काटेच नाहीत!’ मऊ, फिकट हिरव्या पानांचा असा एक प्रकार असतो खरा. ‘काटे नकोत तर शेवंती लाव की,’ असं बाणेदारपणे म्हणून मी राखाडी रंगाचा, करवतीच्या दात्यांचा घायपात उचलला. म्हणजे उचलायला गेलो. उचलला तो नर्सरीतल्या पोरानं.

नर्सरीवाल्याचं एक म्हणणं मात्र खरं निघालं. घायपात बघावाच असा असतो. त्याच्या पानाच्या पाठीवर पुसट नक्षी दिसते, दात्यादात्यांची. ती कुणी काढलेली नसते. नवी पानं मधल्या कोंबात एकमेकांना घट्ट आवळून वाढतात. पान सुटून बाहेर येतं तेव्हा शेजारच्या पानाचे दाते त्याच्या अंगावर उमटलेले असतात आणि तो वळ ते जन्मभर वागवतं. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला याचं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही.

आता पाण्याचं. घायपात मरतो तो तहानेनं नाही, मायेनं. मुळाशी पाणी साचलं की तो खालून कुजायला लागतो आणि वरून बरेच दिवस तसंच टवटवीत तोंड करून उभा असतो. म्हणून त्याला खडी, वाळू आणि विटांचा चुरा घातलेली माती लागते. तळाला मोठं भोक असलेली कुंडी लागते. कुंडीखाली ताटली ठेवायची नसते. हे सगळं मी केलं आणि घरातल्या प्रत्येकाला एकेकट्याला गाठून सांगितलं, ‘याला पाणी घालायचं नाही.’

माती कायम ओली.

मी पाळत ठेवली. सकाळी आई तुळशीला पाणी घालून तांब्यातलं उरलेलं याच्यावर ओतत होती. ‘तुळशीचं पाणी गटारात ओतू का?’ बायको तांदळाचं धुवण घालत होती, कारण ते झाडांना चांगलं असतं. चिरंजीव शाळेतून आल्यावर बाटलीतलं उरलेलं पाणी तिथेच रिकामं करत होते, कारण पाणी संपवलं नाही तर आई ओरडते. कामवाल्या मावशी लादी पुसून झाली की बादली. आणि आठवड्यातून दोनदा माळी. त्या घायपाताला आमच्या घरात जितकं पाणी मिळत होतं तितकं उन्हाळ्यात आमच्या वरच्या मजल्याला मिळत नाही.

मी आईला शास्त्र समजावायला बसलो. म्हटलं, हे वाळवंटातलं झाड आहे. इतर झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडतात. हा दिवसा बंद ठेवतो आणि रात्री उघडतो, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. आईनं लक्ष देऊन ऐकलं.

‘म्हणजे हा रात्रभर जागा असतो?’

‘तसं समज.’

‘मग झोपण्यापूर्वी घालत जाईन थोडं.’

माळ्याचा प्रश्न तात्त्विक होता. ‘साहेब, पाणी नाय घालायचं, तर मी येतो कशाला?’ त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. शेवटी असं ठरलं की त्यानं नळी खाली ठेवायची, घायपातापुढे दोन मिनिटं उभं राहायचं आणि मग पुढच्या झाडाकडे जायचं. दिवाळीत त्यानं पगारवाढ मागितली. म्हणाला, उभं राहायचं काम वाढलंय.

मग मी पुण्याचा माणूस जे करतो ते केलं. पाटी लावली. ‘या झाडास पाणी घालू नये.’ दुसऱ्या दिवशी खाली खडूनं कुणीतरी लिहिलं होतं, ‘मग काय, दूध घालावे?’

पावसाळ्यात गोष्टी आणखी अवघड झाल्या, कारण पावसाला पाटी वाचता येत नाही. कुंडी जिन्याखाली सरकवावी म्हटलं तर खडी-वाळूनं ती इतकी जड झाली होती की चौघं लागले असते, आणि पहिले दोघं टोचून घेऊन निघून गेल्यावर तिसरा-चौथा आलाच नाही. मग मी चार बांबू रोवून वर प्लास्टिकचा कागद ताणला. रात्रभर पाऊस त्या कागदात साठत राहिला, कागदाला पोट सुटलं आणि पहाटे एक दोरी तुटून दोन-तीन बादल्या पाणी घायपाताच्या बरोबर डोक्यात पडलं. त्यानंतर मोठी सर आली की मी छत्री घेऊन बाहेर धावू लागलो. एकदा तसाच उभा असताना वरच्या मजल्यावरचे काका तिथून गेले. थांबले. घायपात कोरडा होता. मी निथळत होतो.

‘दोघं मावाल की एका छत्रीत,’ ते म्हणाले.

‘जवळ गेलं की टोचतो.’

काका समजल्यासारखी मान हलवून वर गेले. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली आहेत.

काट्यांवर इलाज म्हणून इंग्रज लोक पानांच्या टोकांना बाटल्यांची बुचं खोचतात असं मी वाचलं. आमच्या घरात बुचाच्या बाटल्या उघडण्याची परंपरा नाही. म्हणून मी थर्मोकोलचे गोळे आणून एकेका टोकाला बसवले. आल्यागेल्यानं विचारायला सुरुवात केली, ‘गौरीची आरास एवढ्या लवकर?’ मग पोरांनी गोळे पळवले आणि घायपात पुन्हा सशस्त्र झाला. आमच्या सोसायटीत त्यामुळे क्रिकेटच्या नियमात एक भर पडली आहे: चेंडू घायपातात गेला तर फलंदाज बाद आणि नवा चेंडू त्याच्या बापानं द्यायचा. एका संध्याकाळी पानावर टेनिसचा चेंडू आरपार खोचलेला होता. तो काढण्याच्या लायकीचाही राहिला नव्हता, काढायची कुणाची छातीही नव्हती. बरेच दिवस लोकांना ते त्याचं फळ वाटत होतं.

सोसायटीच्या सेक्रेटरींचं एक पत्र माझ्याकडे अजून आहे. ‘आपल्या मालकीच्या वनस्पतीने दि. १२ रोजी माझ्या मालकीच्या लेंग्यास इजा केली. सदर इजा लेंग्यापुरती मर्यादित नाही.’ मी समक्ष जाऊन माफी मागितली. ते उभ्यानंच बोलले. बसायचं त्यांना काही दिवस जमणार नव्हतं. त्यांच्या पत्नीनं वास्तूचा मुद्दा काढला. काटेरी झाड दारात असलं की घरात भांडणं होतात म्हणे. बायकोनं त्यांना शांतपणे सांगितलं, ‘भांडणं जुनी आहेत हो. झाड आत्ता आलंय.’

शेजारच्या काकूंचं प्रकरण मात्र गंभीर होतं. आम्ही गावाला गेलो असताना त्यांनी विळीनं घायपाताचं एक पान कापून नेलं. चेहऱ्याला कोरफड लावतात तसं लावायला. खरं तर कोरफडीचं पान कट्कन मोडतं, आत पारदर्शक गर असतो. घायपाताचं पान मोडतच नाही, त्यात दोरे असतात, आणि त्याच्या रसात सुईच्या आकाराचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, ते कातडीत घुसतात. आम्ही परतलो तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या. गाल लाल, हात कोपरापर्यंत लाल.

‘तुमच्या कोरफडीत भेसळ आहे.’

मी सांगितलं, ही कोरफड नव्हे. ही त्या कुळातली पण नव्हे. शास्त्रज्ञ याला शतावरीच्या कुळात घालतात.

काकूंनी खाजवणं थांबवलं. ‘म्हणजे दुधातून घ्यायची होती होय?’

मित्रांना मात्र या झाडाचा एकच उपयोग ठाऊक. एका शनिवारी तिघं जण लिंबं आणि मीठ घेऊन हजर झाले. मी म्हटलं, टकिला करतात तो निळा घायपात वेगळा, मेक्सिकोत हालिस्को आणि आसपासच्या ठरावीक भागात केली तरच तिला टकिला म्हणता येतं, आणि त्यासाठी झाड पाच-सात वर्षं वाढवायचं, सगळी पानं तासून मधला गड्डा काढायचा, तो भाजायचा, पिळायचा, आंबवायचा, मग दोनदा गाळायचा. एकानं घड्याळ बघितलं. ‘एवढं करण्यापेक्षा दुकान दहापर्यंत उघडं असतं.’ लिंबं तेवढी ठेवून गेले. बायकोनं लोणचं घातलं.

पण या झाडाची खरी पारख केली ती मामांनी. मामा माण तालुक्यातले. वर्षातून एकदा ज्वारी आणि शेंगा घेऊन येतात, दोन दिवस राहतात आणि पुण्याला नावं ठेवून परत जातात. या वेळी फाटकातून आत आले आणि पिशव्या हातात तशाच धरून कुंडीपुढे थांबले.

‘ह्ये केकताड हितं कुणी आणलं?’

‘मामा, हे अगेव्ह आहे.’

‘आसंल. पर हाय केकताडच. इकत घेतलंस?’

‘हो.’

‘कितीला?’

मी खऱ्या किमतीच्या निम्मी सांगितली. मामा पायरीवर बसले. बायकोनं आतून पाणी आणलं. ते प्याल्यावर त्यांनी बोटांवर काहीतरी हिशेब केला.

‘आरं, आमच्या बांधाला हजारेक तरी हायती. म्हंजी मी लखपती हाय आन् मला कुणी बोललं न्हाई.’

मग त्यांना जुनं आठवत गेलं. पानं कापून पाण्यात कुजत घालायची. फार घाण वास सुटतो. मग दगडावर बडवायची, धुवायची, की पांढरा वाख निघतो. वाख वाळवायचा, विंचरायचा आणि त्याची दावी, कासरे, विहिरीवरचे नाडे वळायचे. बैलपोळ्याला नवा कासरा असायचाच. पुढे नायलॉन आलं. दाव्याला बांधायचे बैलही कमी झाले. बांधावर केकताड तेवढं राहिलं, कारण ते काढायलाही कुणाला परवडत नाही.

‘तुमी काय करता ह्येचं?’

‘बघतो.’

‘निस्तं?’

‘नुसतं.’

मामा बराच वेळ माझ्या शेजारी बसून घायपाताकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, ‘येक दोरी तरी वळायची.’

महिन्याभरानं मामा आगाऊ न कळवता परत आले. रिक्षातून एक पोतं उतरलं. पोत्यातून चहूबाजूंनी काटे बाहेर आले होते. रिक्षावाल्यानं पैसे घेतले आणि पोत्याला हात न लावता निघून गेला.

‘पिल्लं आणलीत,’ मामा म्हणाले. ‘येवढं पैशे घालवतो म्हटलं, माझी बहीण काय म्हनंल?’

‘एसटीत घेऊ दिलं कुणी?’

‘न घिऊन सांगतोय कुणाला! म्होरच्या शिटवर ठिवलं. शेजारी कुणी बसलं न्हाई, मागं कुणी बसलं न्हाई. स्वारगेटपर्यंत पाय पसरून आलो.’

घायपाताच्या बुडाशी पिल्लं फुटतात. कुंडीतल्यालाही फुटली होतीच. त्यात ही पोतंभर. आम्ही ती गॅलरीत लावली, गच्चीवर लावली, तेलाच्या डब्यात लावली. तरी उरली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकोनं वाण म्हणून सगळ्यांना एकेक पिल्लू दिलं. बायकांनी तिळगूळ घेतला, ‘अय्या, किती वेगळं वाण!’ म्हणाल्या आणि पदर सांभाळत, पिल्लू अंगापासून लांब धरून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी काही पिल्लं ठेवलेली होती. त्याच्या पुढच्या सकाळी आणखी. आठवडा संपला तेव्हा आम्ही वाटली होती त्यापेक्षा जास्त परत आली होती. कुणीतरी संधी साधून स्वतःकडच्या दोन मरतुकड्या कोरफडीही त्यात ढकलल्या होत्या.

‘मला निशिगंध लावायचा होता,’ बायको म्हणाली. ‘एक जागा शिल्लक ठेवली नाहीत.’

या वाक्याची मी वाटच बघत होतो. निशिगंधही मूळचा मेक्सिकोचाच, आणि वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचं जुनं नाव मोडीत काढून त्याला आता थेट घायपाताच्या घरात घेतलं आहे. ‘अगेव्ह अमिका’ असं त्याचं शास्त्रीय नाव. मी ते मोठ्या ऐटीत सांगितलं. म्हटलं, दारात उभे आहेत ते निशिगंधाचे सख्खे भाऊच समज.

‘मग याचा गजरा करा,’ ती म्हणाली, ‘आणि तुम्हीच माळा.’

आता घायपात कधी फुलतो हा प्रश्न उरतो. तो जन्मात एकदाच फुलतो. इंग्रजीत त्याला शंभर वर्षांचं झाड म्हणतात, ती अतिशयोक्ती आहे. उबदार हवेत दहा ते तीस वर्षांत मधून एक दांडा निघतो, बघता बघता वीस-पंचवीस फूट वर जातो, त्याला फांद्या आणि पिवळसर फुलांचे घोस येतात, आणि मग झाड मरतं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या उद्यानात १९३४ साली काचघरात लावलेला घायपात फुलायला २०१४ साल उजाडलं. दांडा छताला टेकायला आला तेव्हा त्यांनी छताची एक काच काढून त्याला वाट करून दिली. ऐंशी वर्षं तिथले माळी येत होते, निवृत्त होत होते, आणि हा काही बोलत नव्हता.

हे मी सोसायटीच्या वार्षिक सभेत सांगितलं, कारण विषयपत्रिकेवर सातवा विषय ‘तळमजल्यावरील काटेरी वनस्पती’ असा होता. सेक्रेटरी उशी घेऊन बसले होते.

‘म्हणजे हे झाड आपोआप मरणार?’

‘फुललं की.’

‘केव्हा फुलेल?’

‘दहा वर्षं, वीस वर्षं, तीस वर्षं. नक्की नाही सांगता येत.’

‘दांडा पंचवीस फूट म्हणालात,’ दुसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणाले. ‘म्हणजे तो आमच्या गॅलरीपुढे येणार. तिथे येणाऱ्या फुलांवर मालकी कुणाची, याचा आधी खुलासा व्हावा.’

पाऊण तास त्याचा खुलासा चालला. तिसऱ्या मजल्यानं सावलीबद्दल हरकत घेतली. गच्चीवरच्या टाकीला धोका आहे का, अशी एक पोटसूचना आली. शेवटी अध्यक्ष कंटाळून उठले. हे गृहस्थ इमारतीला रंग काढू देत नाहीत, गळकी टाकी बदलू देत नाहीत, लिफ्टचा दिवा लावू देत नाहीत, कारण रिडेव्हलपमेंट होणारच आहे. मी इथे राहायला आलो त्या दिवशीही त्यांनी मला खिळा ठोकताना हेच सांगितलं होतं.

‘मंडळी, आपण कशावर वेळ घालवतोय?’ ते म्हणाले. ‘हे झाड फुलायच्या आत रिडेव्हलपमेंट होणार. बिल्डरशी बोलणी अंतिम टप्प्यात आहेत. इमारत पडेल तेव्हा झाडही जाईल.’

टाळ्या पडल्या. पुनर्विकासाचं काम सुरू होईपर्यंत झाड आहे तिथेच राहावं, असा ठराव एकमतानं झाला, इतिवृत्तात लिहिला गेला आणि त्यावर सेक्रेटरींनी उभ्यानं सही केली.

घरी येऊन मी बायकोला ठराव वाचून दाखवला. तिनं भाजी निवडता निवडता ऐकला.

‘चला,’ ती म्हणाली, ‘म्हणजे फुलं बघायला मिळणार.’